दुसरं अर्थिंग माझं होतं

लोक मला अजून ऐकवतात, "सुनंदा, त्या दिवशी तू गप्प बसायला पाहिजे होतंस. माणूस गेलेल्या घरच्यांसमोर कोणी असं उठून भांडतं का?" मी भांडले नाही. मी फक्त उभी राहिले आणि म्हणाले, "सर, ती चूक विशाखाची नव्हती. माझी होती." सावेडीतल्या सभागृहात विशाखाचा जलदान विधी होता. वंदना झाली होती, आदरांजलीची भाषणं चालली होती. ज्यांच्या प्रयोगशाळेसाठी आम्ही इलेक्ट्रॉनिक्सचे डबे बनवतो ते पुण्याचे सर खास गाडी करून आले होते, आणि चांगलंच बोलत होते हो, खोटं कशाला सांगू. पण मधेच म्हणाले, "सुरुवातीला मॅडमच्या डिझाइनमध्ये एक गंभीर चूक राहिली होती, पण त्यातूनही त्या शिकल्या..." शिकल्या! माझ्या मस्तकात तिडीकच गेली. चार वर्षं मी ती गोष्ट पोटात ठेवली होती, कारण तिनं मला शपथेसारखं बजावलं होतं. आता ती फोटोत, आणि चूक तिच्या नावावर तशीच पुढे चाललेली. सरांनी माईकवर हात ठेवला, भन्तेजींनी माझ्याकडे बघितलं, मागून कोणीतरी "बसा हो बाई" म्हणालं. मी बसले नाही.

ती गेल्याला आता दोन महिने होतील. त्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपचं शटर उघडलं, दिवे लावले, सोल्डरिंगची गन गरम करायला ठेवली आणि फोन वाजला. विशाखाची मुलगी प्रज्ञा. "मावशी, आई उठत न्हाई..." एवढंच म्हणाली. मी रिक्षा करून सावेडीला पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं म्हणाले. सत्तावन्न वर्षांची बाई, आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत माझ्याशी एका कनेक्टरवरून वाद घालत होती, आणि तो वाद मीच जिंकणार होते! पेपरच्या पुरवणीसाठी प्रज्ञाला कोणीतरी आईवर लिहायला सांगितलं, तर ती म्हणाली, मी नको, सुनंदामावशी लिहील. मी दहावी नापास. मी सांगते आहे, प्रज्ञा लिहून घेते आहे, आणि मधे मधे "मावशी, हे राहू दे" म्हणते आहे. काही राहू द्यायचं नाही म्हटलं.

विशाखा सोनईची. वडील साखर कारखान्यात कामाला. आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. मी त्याच तालुक्यातली, पण शेतीवाल्या घरातली, आणि लग्न होऊन नगरला आलेली. आमची गाठ पडली ती एमआयडीसीतल्या एका पॅनलच्या शॉपमध्ये. तिथे मोटारींचे कंट्रोल पॅनल बनायचे. मी वायरिंगला होते, ती टेस्टिंगला. ती पॉलिटेक्निकची डिप्लोमाधारी, म्हणून "मॅडम". मला तिचा रागच यायचा. मी दिवसभर मान मोडून वायरी ओढायच्या आणि हिनं मीटर लावून म्हणायचं, "हे परत कर." आणि आता जे सांगते ते प्रज्ञा राहू दे म्हणते, पण सांगते. पहिलं वर्षभर मी तिच्या डब्यातलं काही खाल्लं नाही. ती पुढे करायची, मी "उपास हाय" म्हणायचे. आठवड्यातले सहा दिवस माझा उपास! कारण काय ते वाचणाऱ्यांना कळतं, उगीच कळत नसल्याचं सोंग करू नका. एक दिवस तिनं डबा माझ्यासमोर ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "सुनंदा, तू जोडलेली वायर मी डोळे झाकून हातात धरते. साडेचारशे व्होल्टाला. आन तुला माझी मेथीची भाजी धरवना व्हय?" मी शरमेनं लाल झाले. मग भाजी खाल्ली. मीठ कमी होतं, तेही सांगितलं. त्या दिवसापासून ती मला "सुनंदे" म्हणायला लागली आणि मी तिला "मॅडम" म्हणायची थांबले.

पुढे तिनं स्वतःचं वर्कशॉप काढलं, पत्र्याची एक शेड, आणि पहिली मला ओढून नेलं. आमचं काम कारखान्यांच्या वजनकाट्यांचं. उसाचा ट्रक काट्यावर येतो, टनांचं वजन, पण काट्याखालून निघणारा सिग्नल इतका बारीक की शेजारी मोटार चालू झाली तरी तो बुजतो. बुजला की आकडा नाचतो, आकडा नाचला की उसवाला शेतकरी अंगावर येतो. विशाखा या नाचाच्या मागे अशी लागायची की बस! उन्हातान्हात काट्याच्या खड्ड्यात उतरून वायरी तपासायची. म्हणायची, "सुनंदे, सिग्नल मोठा करणं कुनालाबी येतं. भुणभुण बाहेर ठेवणं, हे काम." बारीक सिग्नल आणि आजूबाजूला दांडगाई, यातच तिची पंधरा वर्षं गेली. कुठल्या मोठ्या कॉलेजात तिला हे शिकवलं नाही. ते तिला काट्याच्या खड्ड्यानं शिकवलं.

म्हणून पुण्याच्या सरांचं एक परदेशी यंत्र तिच्यापर्यंत आलं तेव्हा तिला ते नवीन वाटलंच नाही. यंत्र म्हणजे एक करंट सोर्स, ठरलेला करंट अजिबात न हलता देणारा डबा. तो बिघडला होता आणि बनवणारी कंपनी सहा महिने थांबा म्हणत होती. कोणीतरी सांगितलं, नगरला एक बाई आहे, काटे दुरुस्त करते. तिनं तो आठवड्यात चालू करून पाठवला आणि सोबत चिठ्ठी: 'आत एका ठिकाणी भुणभुण शिरत होती, ती बंद केली आहे. पहिल्यासारखी हवी असल्यास कळवावे.' सरांना वाटलं चेष्टा आहे. मोजून बघितलं, तर नव्यापेक्षा चांगला! मग ते स्वतः नगरला आले, आमच्या शेडमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, आमच्या क्वांटम कॉम्प्युटरला असे बारा बनवाल का?

मला क्वांटम कॉम्प्युटर समजतो असं मी म्हणणार नाही. विशाखानं मला जेवढं सांगितलं तेवढं सांगते. एक मोठं पिंप असतं, त्याच्या आत इतकी थंडी की तशी हिमालयातसुद्धा नाही. तळाला नखाएवढी चिप. खरं गणित तिथे होतं. पण त्या चिपला स्वतःहून काही कळत नाही. आता उठ, आता थांब, आता काय दिसलं ते सांग, हे सगळं बाहेरून वायरींनी सांगावं लागतं. ते सांगणारी आपल्या साध्या जगातली इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे आमचे डबे. लोक फोटो काढतात त्या सोनेरी पिंपाचे. डब्यांचे कोणी काढत नाही. आणि तो करंट केसाएवढा थरथरला तरी चिपवरच्या गणित करणाऱ्या बारक्या क्युबिटला आपण काय करत होतो त्याचाच विसर पडतो, मग गणित पाण्यात. "ते लई हळवं हाय गं," विशाखा म्हणायची, जसं काही नात्यातलंच कोणी आहे.

बारा डबे तयार झाले. आम्ही नऊ जणींनी बनवले. मी आणि ती टेम्पोबरोबर पुण्याला गेलो बसवायला. प्रयोगशाळेत चपला बाहेर, आवाज नाही, सगळे इंग्रजीत हळू हळू बोलणारे. विशाखानं मला ड्रॉइंग दिलं आणि ती सरांबरोबर दुसऱ्या खोलीत मीटिंगला गेली. ड्रॉइंगमध्ये डब्यांच्या रॅकला एकच अर्थिंग होतं, तांब्याच्या पट्टीवरून एका ठिकाणी जमिनीत. आता ऐका. मी वीस वर्षं पॅनल बांधले होते. पॅनलला अर्थिंग दोन. मोटारीला अर्थिंग दोन. एक तुटलं तर दुसऱ्यानं माणूस वाचतो. दोन नसतील तर इन्स्पेक्टर पास करत नाही, आणि नव्या मुलीनं एकच टाकलं तर मी तिच्या हातावर मारायचे. मला वाटलं, विशाखा घाईत दुसरं रेखाटायचं विसरली. दुसरी हिरवी वायर मी घेतली, रॅकच्या मागून भिंतीतल्या अर्थिंगला नेली, आणि अशी सुबक बांधून झाकणाच्या आड घातली की बघणाऱ्यानं म्हणावं, वा! तिला सांगायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, मला वाटलं तिची चूक मी झाकली, उगीच पाहुण्यांच्या दारात कशाला बोलायचं. कौतुकानं केलं हो मी ते. म्हणूनच जास्त लागतं.

दोन अर्थिंगांमुळे काय झालं? वायरीचं एक कडं तयार झालं आणि इमारतीतली सगळी विजेची भुणभुण त्या कड्यात फिरायला लागली, सेकंदाला पन्नास वेळा. मोटारीला त्याचं काही वाटत नाही. त्या हळव्या चिपला वाटलं. मशीन चालू झालं आणि उत्तरं चुकायला लागली. दोन महिने! सरांची पोरं रात्रंदिवस शोधत होती, परदेशात मेल करत होती. विशाखा दर आठवड्याला एसटीनं पुण्याला जायची, एकेक डबा उघडायची, डब्यात काही सापडायचं नाही. तिची झोप गेली, वजन उतरलं. तिकडे कोणीतरी बोललंच, "नगरच्या शेडमध्ये हे होणार नव्हतंच." आणि मी? मी शेडमध्ये बसून त्या लोकांना शिव्या घालत होते, नाकानं कांदे सोलणारे मेले, यांनीच काहीतरी बिघडवलं असणार म्हणून.

शेवटी एका दिवशी ती मला बरोबर घेऊन गेली. सरांच्या महागड्या यंत्रांना हात न लावता तिनं पिशवीतून आपला साधा क्लॅम्प मीटर काढला, इलेक्ट्रिशियन वापरतात तो, चिमट्यासारखा. म्हणाली, डबे सोडा, आता वायरी बघू. रॅकभोवती एकेक वायर त्या चिमट्यात धरत गेली. मागच्या बाजूला, जिथे करंट नसायलाच हवा, तिथे काटा हलला. तिनं झाकण काढलं. मी दाराशी उभी होते. ती वाकली, बघितलं, आणि तशीच राहिली. वायर बांधायला मी मेणाचा दोरा वापरते आणि माझी गाठ उलटी असते, डाव्या हाताची, आख्ख्या एमआयडीसीत तशी गाठ कोणाची नाही. तिनं ती ओळखली. मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं. मग कटर घेतलं, वायर दोन्हीकडून कापली, गुंडाळून पिशवीत टाकली आणि सरांना म्हणाली, "मशीन चालवून बघा." स्क्रीनवरच्या रेषेची थरथर गेली... साफ गेली. टाळ्या झाल्या. सरांनी विचारलं, काय होतं? ती म्हणाली, "अर्थिंगच्या डिझाइनमध्ये माझी चूक होती." त्यांनी ते लिहून घेतलं. संस्थेच्या रिपोर्टात तेच गेलं: पुरवठादाराच्या डिझाइनमधील दोष. खाली विशाखाचं नाव.

परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली. रांजणगाव गेलं, शिरूर गेलं. सुप्याजवळ तिनं पिशवीतून ती हिरवी वायर काढून माझ्या मांडीवर ठेवली. "हे घे. तुझं हाय." मी रडायलाच लागले. म्हटलं, मी आत्ता फोन करून सांगते त्यांना, तुझं नाव कशाला? तर ती अशी चवताळली की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. "तू कायबी सांगणार न्हाईस! डिझाइन चुकलं म्हटलं, तर ते म्हणतील डिझाइन सुधारा. बाईचा हात चुकला म्हटलं, तर म्हणतील बाया काढा. दहावी नापास, आठवी पास, कोण ह्या? मग मी नऊ जणींला कुठं नेऊ?" मी म्हटलं, आणि तुझं नाव खराब झालं ते? तर हसली. म्हणाली, "माझं नाव जन्मल्यापासून लोकांनी खराबच धरलंय. त्याला एक डाग जादा. तू वायर ठेव आन गप बस." मी गप्प बसले. मूग गिळून चार वर्षं. त्या चार वर्षांत तिनं अजून तीन रॅक बनवले, एकातही भुणभुण नाही. पण पुण्याहून कोणी नवीन आलं की आधी तो रिपोर्ट वाचायचं आणि मग तिच्याशी जरा जपूनच बोलायचं. कुठला डिप्लोमा, किती साली, असं विचारायचं. ती सांगायची, हसतमुखानं. मला मात्र तिथून उठून जावंसं वाटायचं.

तर अशी ती चूक, आणि म्हणून मी जलदानाच्या दिवशी उभी राहिले. आठ दिवसांनी मी वर्कशॉपच्या लेटरहेडवर सगळं लिहून पुण्याला पाठवायचं ठरवलं. रिपोर्ट दुरुस्त करा, म्हणून. सरांना तसं कळवलं, तर त्यांचा फोन आला. माणूस वाईट नाही. म्हणाले, "सुनंदाताई, आता कशाला? मॅडम गेल्या. नव्या मोठ्या मशीनचं काम कोणाला द्यायचं ते कमिटी ठरवते आहे. मॅडम नाहीत म्हणून आधीच शंका घेतायत. त्यात तुम्ही लिहून देणार की वायरिंग करणाऱ्या बाईनं न विचारता बदल केला... झाकली मूठ सव्वा लाखाची हो." खरं होतं त्यांचं. विशाखा जे म्हणाली तेच ते म्हणत होते. काम गेलं तर आठ जणींच्या चुली माझ्या एका कागदावर. मी घरी नाही विचारलं, त्या आठ जणींना विचारलं. जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगितलं, वायरसकट. वाटलं, शिव्या देतील. पहिली बोलली ती आमची सर्वांत जुनी, लताबाई. "मंजे आमी चार वर्षं विशाखाताईच्या जिवावर बसलो व्हय? आन तुला ठावं हुतं?" मला म्हणाली, "दे तो पेन." आठही जणींनी माझ्या सहीखाली सह्या केल्या. तिघींचे डोळे भरले होते, एक अजूनही माझ्याशी नीट बोलत नाही. ठीक आहे. तिचा हक्क आहे.

कागद पाठवला, तर कमिटीनं बोलावलं. मी आणि लताबाई गेलो, एक डबा मांडीवर घेऊन. लांब टेबल, पलीकडे सहा जण. मी डबा उघडून दाखवला, कुठे एक अर्थिंग असतं, मी दुसरं कुठून नेलं, कडं कसं झालं. एकानं चष्मा वर करून विचारलं, "तुमचं शिक्षण?" दहावी नापास म्हटलं. "मग पुन्हा अशी चूक होणार नाही याची हमी काय?" मला इतका राग आला की भीती निघूनच गेली. म्हटलं, "साहेब, जिनं ती चूक केली ती बाई तुमच्या समोर उभी आहे. ती आता जन्मात करणार नाही. ज्यांनी अजून केली नाही, ते मोठमोठ्या डिग्र्या घेऊन येतील आणि तुमच्याकडेच पहिल्यांदा करतील. काम कोणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण रिपोर्टातलं नाव बदला. मी त्यासाठी आले आहे." चहा आला. लताबाईनं तो बशीत ओतून प्यायला, आणि मीही.

कामाचं अजून ठरलेलं नाही. येईल नाहीतर नाही येणार. काटे आहेत, कारखाने आहेत, आम्ही उपाशी मरत नाही. "बिचारी विशाखा" म्हणत येणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवते. बिचारी कोण होतं? गेल्या आठवड्यात मात्र संस्थेचा कागद आला. जुन्या रिपोर्टाला जोडलेली दुरुस्ती, दोन ओळी. दोष डिझाइनमधील नव्हता, जोडणीतील होता, तो सुनंदा यांच्याकडून झाला. दोष विशाखा यांनी शोधून दूर केला. छापील कागदावर माझं नाव पहिल्यांदाच आलं आणि ते चुकीपुढे. प्रज्ञाला वाटलं मला वाईट वाटेल. मी तो कागद विशाखाच्या टेस्टिंगच्या टेबलासमोर भिंतीला चिकटवला. टेबल मी आवरलेलं नाही, तिथे आता मी बसते.

परवा कामावर एक नवीन बाई आली, दोन लेकरांची आई. तिला मी आधी वायर दिली नाही, तो कागद वाचायला लावला. तिनं अक्षर जुळवत जुळवत वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

"ह्या सुनंदा मंजे तुमी?"

"व्हय."

"मग तुमाला काढलं न्हाई?"

"न्हाई," मी म्हटलं. "बस. हात धुतले का?"